फ्लूटकडून क्लॅरिनेटकडे : दोन सुषिर वाद्यांचा इतिहास आणि अनुभवी वादकाचे नवशिकेपण

सारांश

फ्लूट वाजविता येणाऱ्यास क्लॅरिनेट अल्पावधीत साध्य होईल, असा समज संगीतशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वत्र आढळतो. दोन्ही वाद्ये सुषिर वर्गातील, दोन्ही वाद्यवृंदात काष्ठवाद्यांच्या रांगेत बसणारी, आणि दोन्हींच्या आधुनिक रचनेशी थेओबाल्ड बोम यांचेच नाव जोडलेले. या समजाला आधार आहे; परंतु तो अपुरा आहे. क्लॅरिनेटची नळी वेगळ्या ध्वनिनियमाने चालते आणि तीनशे वर्षांत या वाद्यात झालेल्या बहुतेक सुधारणा त्याच नियमाशी झालेल्या झटापटीतून निर्माण झाल्या. फ्लूटवादकाला क्लॅरिनेट शिकताना येणाऱ्या अडचणी या इतिहासाच्या प्रकाशात कशा समजून घेता येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : क्लॅरिनेट, फ्लूट, बोम पद्धती, बारावा स्वर, वाद्यशिक्षण.

१. प्रस्तावना

भारतीय परंपरेने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग मानले आहेत. फुंकीने वाजणारी सर्व वाद्ये सुषिर या एका वर्गात येतात. वर्गीकरण म्हणून ही मांडणी समर्पक आहे. पण एका सुषिर वाद्यावर प्रभुत्व असलेला वादक दुसऱ्या सुषिर वाद्यासमोर किती अनुभवी आणि किती नवशिका, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

युरोपच्या संगीतजीवनात हा प्रश्न नवा नाही. अठराव्या शतकात जर्मन प्रदेशातील नगरवादकाला अनेक वाद्ये हाताळावी लागत. पुढे प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याचा फ्लूटगुरू म्हणून कीर्ती मिळविणारा योहान योआखिम क्वांट्झ (१६९७-१७७३) हा मेर्सेबुर्ग येथे अशाच शिक्षणातून तयार झाला. व्हायोलिन, ओबो, ट्रंपेट ही वाद्ये तो शिकला, ओबोवादक म्हणून त्याने नोकरी केली आणि त्यानंतर तो फ्लूटकडे वळला. १७५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा फ्लूटवादनावरील ग्रंथ आजही अभ्यासला जातो. एका वाद्याकडून दुसऱ्या वाद्याकडे जाणे ही त्या काळी उपजीविकेची अट होती, छंद नव्हता. तथापि ओबोकडून फ्लूटकडे जाणे आणि फ्लूटकडून क्लॅरिनेटकडे जाणे या दोन वाटा सारख्या नाहीत. त्या का सारख्या नाहीत, हे पाहणे हा या लेखाचा मुख्य हेतू होय.

२. लेखाची उद्दिष्टे

१) क्लॅरिनेटच्या उत्क्रांतीतील प्रमुख टप्पे फ्लूटच्या इतिहासाशी ताडून पाहणे.
२) फ्लूटवादकाचे कोणते कौशल्य क्लॅरिनेटवर उपयोगी पडते आणि कोणते अडसर ठरते, याची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे.
३) त्यावरून वाद्यशिक्षणाविषयी काही निष्कर्ष काढणे.

३. क्लॅरिनेटचा जन्म आणि ‘बाराव्या स्वरा’ची समस्या

क्लॅरिनेटच्या निर्मितीचे श्रेय न्यूरेंबर्ग येथील वाद्यनिर्माता योहान क्रिस्टोफ डेनर (१६५५-१७०७) याला दिले जाते. १७३० मध्ये योहान गाब्रिएल डोपेलमायर याने न्यूरेंबर्गच्या गणिती व कारागिरांचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात डेनरने शतकाच्या आरंभी हे वाद्य शोधल्याची आणि ‘शालुमो’ या जुन्या वाद्यात सुधारणा केल्याची नोंद आहे. शालुमो हे एका पत्तीचे, म्हणजेच एका रीडचे, साधे वाद्य होते. त्याचा स्वर मधुर असला तरी पल्ला आखूड होता. डेनरपासून सुरू झालेल्या सुधारणांचा गाभा असा, की नळीच्या वरच्या भागात अंगठ्याने उघडावयाचे एक लहान छिद्र चावीसह बसविले गेले. हे छिद्र उघडताच वाद्य वरच्या स्वरक्षेत्रात झेप घेई. त्या वरच्या स्वरांचा नाद दुरून ट्रंपेटसारखा भासे, असे योहान गोटफ्रीड वाल्टर याने १७३२ च्या आपल्या संगीतकोशात नमूद केले आहे. ‘क्लारिनो’ म्हणजे ट्रंपेटचे उच्च स्वरक्षेत्र. त्यावरून ‘क्लॅरिनेट’ हे नाव पडले. खालच्या स्वरक्षेत्राला मात्र आजही ‘शालुमो’ असेच म्हणतात. एकाच वाद्याच्या दोन भागांना दोन निराळ्या वाद्यांची नावे असावीत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या झेपेचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. फ्लूटवर ‘सा’ वाजवीत असताना ओठांचा कोन व फुंकीचा वेग बदलला, की त्याच बोटांनी तार ‘सा’ मिळतो. क्लॅरिनेटवर मात्र अंगठ्याची चावी उघडली असता तार ‘सा’ मिळत नाही. त्याच्याही वरचा पंचम मिळतो. पाश्चात्त्य गणनेत या अंतराला ‘बारावा स्वर’ म्हणतात. कारण असे, की फ्लूटची नळी दोन्ही टोकांना उघडी असल्याप्रमाणे वागते आणि मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा सर्व पटी देते. क्लॅरिनेटची नळी समान व्यासाची असून तिचे एक टोक पत्तीने बंद झाल्यासारखे असते. त्यामुळे तिच्यातून प्रामुख्याने विषम पटीच उमटतात. दुप्पट गाळून ती थेट तिपटीवर जाते. याच नियमाचा आणखी एक परिणाम कानाला चटकन जाणवतो. फ्लूट आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेट यांची लांबी जवळजवळ सारखी, सुमारे ६६-६७ सेंटिमीटर, असते. तरीही क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर फ्लूटच्या खर्जापेक्षा दहा अर्धस्वरांनी खाली उतरतो.

यातून वाद्यनिर्मात्यांपुढे एक कठीण हिशेब उभा राहिला. सप्तकावर पुनरावृत्ती होणाऱ्या वाद्यात बारा अर्धस्वरांची बोटे ठरली, की पुढील सप्तक त्यावरच चालते. क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरक्षेत्रात मात्र एकोणीस अर्धस्वर स्वतंत्रपणे भरावे लागतात. मनुष्याला बोटे दहाच आणि त्यांपैकी उजव्या हाताचा अंगठा वाद्य पेलण्यात गुंतलेला. उरलेल्या नऊ बोटांनी ही सारी जागा भरून काढणे हीच क्लॅरिनेटच्या यांत्रिक इतिहासाची मूळ प्रेरणा आहे. आरंभीच्या दोन चाव्यांच्या क्लॅरिनेटवर दोन स्वरक्षेत्रांच्या सांध्यावरील ‘बी’ हा स्वर समाधानकारक निघत नसे. नळी लांबवून तिसरी चावी बसविल्यावर ही उणीव दूर झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाच चाव्यांचे क्लॅरिनेट प्रचलित झाले.

४. मोझार्टपासून म्युलरपर्यंत

मॅनहाइम येथील दरबारी वाद्यवृंदात अठराव्या शतकाच्या मध्यानंतर क्लॅरिनेटला स्थान मिळाले. डिसेंबर १७७८ मध्ये तेथून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्टने आपल्याकडे हे वाद्य नसल्याची खंत व्यक्त केली आहे. पुढे व्हिएन्नात आंटोन श्टाडलर या वादकासाठी त्याने क्लॅरिनेट पंचक (१७८९) आणि क्लॅरिनेट कॉन्चेर्टो (१७९१) या रचना केल्या. श्टाडलरला खालच्या स्वरक्षेत्राची विशेष ओढ होती. त्याच्या वाद्याची नळी खालच्या बाजूस वाढविलेली होती. ट्रंपेटच्या नावाने ओळखले जाणारे वाद्य त्याच्या शालुमो-क्षेत्रातील गडद, घुमाऱ्या स्वरांसाठी प्रिय झाले, हा या कालखंडाचा वारसा होय.

पाच-सहा चाव्यांच्या वाद्यावर सर्व स्वरश्रेणींत सारख्या सुलभतेने वाजविणे शक्य नव्हते. म्हणून वादक सी, बी-फ्लॅट आणि ए अशा निरनिराळ्या पट्टीची क्लॅरिनेट जवळ ठेवीत. क्लॅरिनेट हे ‘स्थलांतरित’ स्वरलेखनाचे वाद्य झाले ते यातूनच. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा ‘सी’ वाजविला, की कानाला ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. फ्लूटवर जे लिहिले तेच ऐकू येते. वर्षानुवर्षे फ्लूट वाजविलेल्या व्यक्तीचा कान आणि डोळा यांची जी गाठ पक्की झालेली असते, ती येथे सोडवावी लागते.

इवान म्युलर याने १८१२ मध्ये पॅरिस येथे तेरा चाव्यांचे, सर्व स्वरश्रेणींत वाजू शकणारे क्लॅरिनेट सादर केले. पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या परीक्षक समितीने ते नाकारले. एकाच वाद्याने सारे काम भागू लागले, तर वेगवेगळ्या पट्टीच्या क्लॅरिनेटचे वेगवेगळे नादवैशिष्ट्य लोप पावेल, असा समितीचा आक्षेप होता. या नकाराकडे केवळ सनातनीपणा म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. सोय वाढविताना काय गमावले जाते, हा त्यामागील प्रश्न खरा होता. प्रत्यक्षात म्युलरचे वाद्य वादकांनी स्वीकारले आणि जर्मन क्लॅरिनेटची पुढील परंपरा त्याच्याच पायावर उभी राहिली.

याच काळात पत्ती कोणत्या ओठाकडे असावी, याविषयीही एकमत नव्हते. झां-झाविए लफेव्र याने पॅरिसच्या विद्यालयासाठी १८०२ मध्ये लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात पत्ती वरच्या ओठाकडे ठेवण्याची रीत सांगितली आहे. पत्ती खालच्या ओठावर टेकविण्याची आजची रीत तेथे त्यानंतर काही दशकांनी रुळली. म्हणजे क्लॅरिनेटवादकांच्या एका पिढीलाही आपल्याच वाद्यावर मुखविन्यास नव्याने शिकावा लागला.

५. बोमचे नाव आणि त्यातून उद्भवलेला गैरसमज

थेओबाल्ड बोम (१७९४-१८८१) हा म्युनिकचा फ्लूटवादक मूळचा सोनारकामातला. १८३१ मध्ये लंडन येथे चार्ल्स निकल्सनच्या मोठ्या छिद्रांच्या फ्लूटचा दमदार स्वर ऐकून त्याने आपल्या वाद्याची पुनर्रचना आरंभिली. स्वररंध्रे बोटांच्या सोयीने न पाडता ध्वनिशास्त्राच्या गरजेप्रमाणे पाडावीत आणि बोटे पोहोचत नसतील तेथे कड्या व दांड्यांच्या यंत्रणेने ती बंद करावीत, हे त्याचे सूत्र होते. १८३२ चे त्याचे फ्लूट निमुळत्या नळीचे होते. १८४७ मध्ये त्याने समान व्यासाची नळी स्वीकारली.

हे सूत्र क्लॅरिनेटवर आणण्याचे काम मात्र बोमने केलेले नाही. ते पॅरिसच्या विद्यालयातील प्राध्यापक यासँत क्लोझे (१८०८-१८८०) आणि वाद्यनिर्माता लुई-ओग्यूस्त ब्यूफे यांनी केले. ब्यूफेच्या कार्यशाळेत त्याआधी बोम पद्धतीची फ्लूट तयार होत होती, हा या दोन वाद्यांमधला प्रत्यक्ष दुवा होय. फिरत्या कड्यांचे हे क्लॅरिनेट १८३९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. क्लोझेचे पाठ्यपुस्तक १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८४४ मध्ये एकस्व मिळाले. त्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. ‘बोम पद्धतीचे क्लॅरिनेट’ ही संज्ञा पुढे रूढ झाली आणि तिने दोन वाद्यांतील साम्य वाजवीपेक्षा मोठे भासविले.

पॅरिसच्या विद्यालयातच या इतिहासातील एक विलक्षण विसंगती आढळते. फ्लूटचे प्राध्यापक झां-लुई त्यूलू यांनी बोमच्या फ्लूटला ठाम विरोध केला आणि ते पदावर असेपर्यंत फ्लूटच्या अधिकृत वर्गात जुन्याच पद्धतीचे वाद्य शिकविले गेले. १८६० मध्ये लुई दोर्यूस हे त्या पदावर आल्यानंतर बोम फ्लूटला तेथे प्रवेश मिळाला. तोवर क्लोझेच्या क्लॅरिनेट वर्गात बोमच्या सूत्रावर आधारलेले वाद्य रुळले होते. फ्लूटसाठी जन्मलेली कल्पना त्या संस्थेत फ्लूटच्या आधी क्लॅरिनेटच्या वर्गात पोहोचली.

त्यूलूंच्या विरोधामागे जुन्या फ्लूटच्या नादाविषयीची आस्था होती, हे मान्य करावे लागेल. त्याचबरोबर आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. नवे वाद्य स्वीकारणे म्हणजे सिद्धहस्त वादकाने पुन्हा पहिल्या धड्यावर येणे. ज्याने चाळीस वर्षे बोटे घडविली, त्याला ती मोडण्यास सांगणे ही लहान मागणी नव्हे. फ्लूट आणि क्लॅरिनेट यांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास हा यंत्ररचनेचा इतिहास आहे तितकाच अनुभवी माणसांच्या नवशिकेपणाचाही आहे.

६. फ्लूटवादकाच्या हाती काय येते, काय सुटते

वरील पार्श्वभूमीवर आजच्या विद्यार्थ्याची स्थिती तपासता येईल.

प्रथम बोटांचा विचार करू. फ्लूटवर डाव्या हाताचा अंगठा व तीन बोटे ठेवली असता ‘जी’ निघतो आणि उजव्या हाताची तीन बोटे जोडली असता ‘डी’. क्लॅरिनेटच्या वरच्या स्वरक्षेत्रात, अंगठ्याची चावी उघडी असताना, लेखनाच्या दृष्टीने नेमके हेच स्वर याच बोटांनी येतात. परंतु चावी सोडून खालच्या स्वरक्षेत्रात आले, की तीच बोटे ‘जी’ऐवजी ‘सी’ आणि ‘डी’ऐवजी ‘जी’ देतात. फ्लूटवादकाला एकाच बोटांसाठी दोन नावे लक्षात ठेवावी लागतात आणि त्यांतील एक नाव त्याच्या सवयीच्या विरुद्ध जाते. ओळखीच्या भागातही फसगत संभवते. ‘एफ-शार्प’साठी फ्लूटवर उजव्या हाताची अनामिका लागते, तर क्लॅरिनेटवर मध्यमा. इतके साम्य असताना एवढाच फरक असणे हे संपूर्ण वेगळेपणापेक्षा अधिक त्रासदायक ठरते.

उजव्या हाताच्या करंगळीचे उदाहरण याहून बोलके आहे. फ्लूटवर काही थोडे स्वर वगळता ही करंगळी ई-फ्लॅटच्या चावीवर सतत दाबलेली असते. वाद्याचा तोल सांभाळण्यासही तिचे साहाय्य होते. क्लॅरिनेटवर तिच्या वाट्याला चार चाव्या येतात आणि गरज नसताना त्यांपैकी एकही दाबणे चुकीचे असते. फ्लूटवर जी सवय शिस्त म्हणून अंगी बाणविली, तीच येथे दोष ठरते.

छिद्रांचा स्पर्शही वेगळा. फ्लूटच्या चाव्यांना गादी असलेली झाकणे असतात. बोट थोडे सरकले तरी झाकण बसते. क्लॅरिनेटवर कड्यांनी वेढलेली उघडी छिद्रे बोटाच्या मांसल भागाने झाकावी लागतात. किंचित फट राहिली तरी स्वर किंचाळतो. या बाबतीत चाव्यांच्या फ्लूटपेक्षा आपली वेळूची बासरी वाजविणारा अधिक तयारीचा असतो, कारण छिद्र झाकण्याचे ज्ञान त्याच्या बोटांत असते.

फुंकीच्या बाबतीत अंतर सर्वांत मोठे आहे. फ्लूटमध्ये ओठांतून निघालेला हवेचा झोत मुखरंध्राच्या धारेवर आपटून स्वर होतो. हवा पुष्कळ लागते, पण तोंडातील दाब तुलनेने कमी असतो आणि स्वर चढेल तसा तो वाढवावा लागतो. क्लॅरिनेटला हवा कमी लागते, दाब अधिक लागतो आणि तो बराचसा स्थिर ठेवावा लागतो. वरचे दात मुखणीवर टेकतात आणि खालचा ओठ पत्तीला आधार देतो. फ्लूटवादकाची ओठांनी सप्तक बदलण्याची सवय येथे निरुपयोगी ठरते. ओठ आवळले तर पत्ती दबून स्वर कोंडतो. वरच्या क्षेत्रात नेण्याचे काम अंगठ्याने करावयाचे असते.

दोन स्वरक्षेत्रांच्या सांध्याला वादक ‘ब्रेक’ म्हणतात. ‘बी-फ्लॅट’ वाजविताना बहुतेक छिद्रे उघडी असतात. लगेच पुढील ‘बी’साठी ती सर्व एकाच क्षणी झाकावी लागतात. डेनरनंतरच्या काळात तिसऱ्या चावीने जो सांधा भरून निघाला, तोच आजही नवशिक्याच्या बोटांची परीक्षा पाहतो. फ्लूटवादकाला ‘सी’वरून ‘डी’वर जाताना अनेक बोटे एकदम टाकण्याचा सराव असतो आणि तो येथे खरोखर उपयोगी पडतो. स्वरलेखन वाचणे, जिभेने स्वर तोडणे, वाक्यांशानुसार श्वास घेणे आणि स्वरातील चूक कानाने ओळखणे या गोष्टीही तो सोबत घेऊन येतो. ही शिदोरी मोठी आहे. पण तिच्यामुळे शिकण्याचा काळ कमी झाला, तरी पहिली पायरी टळत नाही.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्याकडे क्लॅरिनेट लष्करी बँडमधून आले आणि लग्नाच्या वरातीतील बँडपथकांत रुजले. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन (जन्म १९३१) यांनी त्याला कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. २००८ मध्ये ते ‘संगीत कलानिधी’ या सन्मानाचे मानकरी ठरले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांच्यासारखे वादक सॅक्सोफोन, फ्लूट आणि क्लॅरिनेट ही तिन्ही वाद्ये सारख्याच अधिकाराने वाजवीत. जॅझमध्ये एरिक डॉल्फी (१९२८-१९६४) यांनी सॅक्सोफोन, फ्लूट आणि बास क्लॅरिनेट यांवर स्वतंत्र ओळख निर्माण केली. असे वादक म्हणजे एका विद्येचे आपोआप झालेले विस्तार नव्हेत. त्यांनी प्रत्येक वाद्य वेगळे मानून साधले, म्हणूनच ते तिन्हींवर ऐकण्याजोगे ठरले.

येथे सनईचा विचार उद्बोधक आहे. सनईवादकाला पत्ती परिचित असते; परंतु सनईची नळी निमुळती असल्याने वरचे स्वर सप्तकाच्याच हिशेबाने येतात. बासरीवादकाला छिद्रे परिचित असतात, पत्ती नसते. या दोघांपैकी कोणाच्याही परंपरागत अनुभवात ‘बारावा स्वर’ नाही. सॅक्सोफोनला पत्ती क्लॅरिनेटची असली तरी नळी निमुळती असल्याने तेही सप्तकावरच चालते. फ्लूटवादकाला सॅक्सोफोनची बोटे क्लॅरिनेटहून जवळची वाटतात त्याचे कारण हेच. बाह्य रूपावरून वाद्यांचे नाते ठरविणे किती फसवे आहे, हे यावरून दिसून येते.

८. निष्कर्ष

१) फ्लूट आणि क्लॅरिनेट यांच्यातील यांत्रिक साम्य हे एकोणिसाव्या शतकात प्रयत्नपूर्वक घडविलेले आहे, त्यांच्यातील ध्वनिशास्त्रीय भेद मूलभूत आहे.

२) फ्लूटवादकाच्या बहुतेक अडचणी एकाच गृहीतकातून उद्भवतात. वरचे स्वरक्षेत्र हे खालच्याची पुनरावृत्ती असते, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. त्याच्या वाद्यानेच ते त्याच्या मनावर बिंबविलेले असते.

३) बोटे ओळखीची वाटतात म्हणून फ्लूटवादकाला वरच्या स्वरक्षेत्रापासून आरंभ करून देणे हितावह नाही. शालुमो-क्षेत्रात स्थिर स्वर साधून मग सांधा ओलांडणे हा क्रम त्यानेही पाळावा. वाद्याची वाढही त्याच क्रमाने झाली आहे.

४) महाविद्यालयीन वाद्यवृंदात माणूस कमी पडला, की फ्लूटवादकाच्या हाती क्लॅरिनेट देऊन थोड्या दिवसांत त्याला रंगमंचावर बसविण्याची पद्धत वादक आणि वाद्य या दोघांवरही अन्याय करणारी आहे. त्याला नवशिक्याइतका अवधी देणे आवश्यक आहे.

या निष्कर्षांचा रोख वाद्यशिक्षणापुरताच मर्यादित नाही. शेजारच्या ज्ञानशाखेत पाऊल टाकणारा प्रत्येक अभ्यासक आपली जुनी बोटे सोबत घेऊन जातो. काही ठिकाणी ती तेच स्वर देतात, काही ठिकाणी वेगळे देतात. आणि कोठे काय मिळते हे ऐकून पाहिल्याशिवाय कळत नाही. क्लॅरिनेटवर पहिला स्वच्छ खर्ज उमटेपर्यंत फ्लूटवादकाने बाळगावयाची नम्रता ही त्याच्या पूर्वविद्येचा अवमान नसून तिचाच पुढील धडा होय.